रजिस्टरमध्ये खाडा नव्हता : एका साधिकेच्या गुरुबंधाचं प्रकरण

गुरूशी असलेल्या नात्यात अडकलेली माणसं माझ्याकडे बोलायला येतात. त्यांतल्या एका बाईंचं हे प्रकरण, आणि ते लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पंथाचं आणि गुरूंचं नाव मी मुद्दामच देत नाही, कारण या गुरूंनी कुणाला लुबाडल्याचं किंवा कुणाशी गैरवर्तन केल्याचं या सगळ्या हकिकतीत कुठेही आलेलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच प्रकरणांत एक आयता खलनायक असतो. पैसे गेलेले असतात, कुणाचा तरी हात नको तिथे पोचलेला असतो. तिथे दुःख मोठं असलं तरी काय करायचं हे ठरवणं सोपं असतं. इथे तसं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच हे नऊ महिने चाललं.

त्यांना इथे साधिका म्हणते. वय सत्तेचाळीस, व्यवसाय लेखापरीक्षणाचा. छत्तिसाव्या वर्षी अनुग्रह घेतला, म्हणजे गुरूंकडून नाम घेतलं, तेव्हापासून रोज अकरा माळा, म्हणजे ११८८ वेळा तेच नाम. त्यानंतर गुरुगीतेचा, म्हणजे गुरूचं माहात्म्य सांगणाऱ्या स्तोत्राचा पाठ. आठवड्याला एक बैठक, आणि केंद्रावरची सेवा.

पहिल्या भेटीत त्यांनी पर्समधून एक जाड डायरी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर तळहात ठेवला. "यात सगळं आहे," म्हणाल्या. पुढची चाळीस मिनिटं हात तसाच होता. डायरी उघडली नाही.

काय घडलं

केंद्रावर सेवेचं एक रजिस्टर असे. कोण कधी आलं, कुणी काय केलं, कुणी रजा कळवली, सगळं त्यात. हिशेबाची सवय म्हणून ते रजिस्टर साधिकेकडेच असायचं. त्यांच्या एका गुरुभगिनीचा तरुण मुलगा अपघातात गेला. काही दिवसांनी बैठकीत कुणीतरी चाचरत विचारलं, की इतकी सेवा करणाऱ्या बाईवर हा प्रसंग का यावा? गुरुजी थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "तिच्या सेवेत खाडा पडला होता."

सगळ्यांनी माना हलवल्या. साधिकेनेही हलवली.

"मान हलवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, ताई, की खाडा पडलेला नाहीये. रजिस्टर माझ्याकडे असतं."

त्या रात्री त्यांनी तीन वर्षांची पानं उलटून पाहिली. दोन रजा होत्या. दोन्ही आधी कळवून घेतलेल्या, दोन्हींपुढे साधिकेच्याच अक्षरात 'मंजूर'.

मग त्यांनी डायरी काढली. अकरा वर्षांत गुरुजींना विचारलेला प्रत्येक प्रश्न डाव्या पानावर आणि मिळालेलं उत्तर उजव्या पानावर, तारखेसकट. एरवी ही डायरी त्या अडचणीच्या वेळी कुठलंही पान उघडून वाचत, आधार म्हणून. त्या रात्री पहिल्यांदाच ती सुरुवातीपासून सलग वाचली, हातात हिरवी पेन्सिल घेऊन, ऑडिटमध्ये खुणा करतात तशा खुणा करत. शंभरावर प्रश्न होते. ध्यानात येणारी अकारण भीती, नवऱ्याची बदली, मुलीने कुठली शाखा घ्यावी, तीन वर्षं जपात येत असलेला कोरडेपणा, कंबर. निम्म्याहून जास्त प्रश्नांसमोरच्या पानावर दोनपैकी एक वाक्य होतं. 'श्रद्धा कमी पडते' किंवा 'सेवा वाढव'.

"काम झालं की कृपा, नाही झालं की श्रद्धा कमी. जमेलाही तेच व्हाउचर, नावेलाही तेच. असं व्हाउचर मी कुठल्या कंपनीत पास केलं असतं का?"

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. कुठलंही उत्तर कधीच चुकत नसेल तर त्याने काही सांगितलेलंच नसतं, हे समजावायला मला एरवी दोन-तीन भेटी लागतात. या बाईंनी ते हिरव्या पेन्सिलीने एका रात्रीत शोधून काढलं होतं. पण त्या माझ्याकडे आल्या त्या शंका घेऊन नव्हे. शंका त्यांनी स्वतःच तपासून फाइल केली होती. त्यांना झोप येत नव्हती, आणि गुरुगीता म्हणताना एका ओळीशी घसा बंद होत होता.

ओळ अशी : 'शिवे रुष्टे गुरुस्त्राता गुरौ रुष्टे न कश्चन.' शिव कोपला तर गुरू तारतो, गुरू कोपला तर तारणारा कुणीच नाही. अकरा वर्षं त्या ही ओळ रोज म्हणत आल्या होत्या आणि कधी तिच्यापाशी थांबल्या नव्हत्या.

आजार नव्हे

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण घरच्यांनी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं होतं आणि तिथून त्या माझ्याकडे आल्या. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत, १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत, 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' असं एक कलम पहिल्यांदा आलं. श्रद्धा डळमळणं किंवा गमावणं, नवा पंथ स्वीकारताना होणारी ओढाताण, हे त्यात येतं. महत्त्वाचं म्हणजे ते मनोविकारांच्या यादीत घातलेलं नाही. लक्ष देण्याजोगी अडचण, एवढंच. त्या तज्ज्ञांनीही झोपेपुरती थोडी औषधं दिली आणि बाकीचं बोलण्याने सुटेल म्हणून सांगितलं. ते योग्यच होतं.

पहिल्या दोन भेटींत मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. पैसा किंवा मालमत्ता मागितली का? शरीराला स्पर्श, एकांतात बोलावणं? घरच्यांशी संबंध तोडायला सांगितलं? चालू औषधं बंद करायला लावली? यांतलं एकही 'हो' आलं तर माझं काम बदलतं. मग मी आधी माणसाला तिथून बाहेर काढायचं बघते, तत्त्वचर्चा नंतर. इथे चारही उत्तरं 'नाही' आली. पाचव्या प्रश्नाला, म्हणजे दुसरं काही वाचायला-ऐकायला मनाई होती का, याला त्या थांबल्या. "मनाई अशी नाही. पण इतर कुणाचं प्रवचन ऐकलं तर गुरुजी म्हणायचे, एकाच जागी खोदलं तर पाणी लागतं." उपमा वाईट नाही. मात्र खोदणाऱ्याला खडक लागलाय का, हे कुणीतरी अधूनमधून विचारायला हवं, ते कुणी विचारत नव्हतं.

माझी चूक

तिसऱ्या भेटीत मी घाई केली. त्यांच्या बोलण्यातून जे चित्र उभं राहत होतं त्याला मी नाव दिलं. म्हटलं, "याला एक प्रकारचं नियंत्रण म्हणतात." त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मेसेज आला : 'गुरुनिंदा ऐकणं हेही पाप आहे असं आम्हाला शिकवलंय. मला थोडा वेळ लागेल.'

पाच आठवडे त्या आल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा त्यांनीच मला समजावलं. "तुम्ही त्यांना वाईट म्हणालात की मला त्यांची बाजू घ्यावी लागते. मग दिवसभर मी त्यांची बाजू घेत बसते, आणि माझा प्रश्न तसाच राहतो." घरीही हेच चाललं होतं. त्यांच्या यजमानांना या गुरूंचं पहिल्यापासून वावडं. बायकोला शंका आलीय म्हटल्यावर त्यांना उत्साह आला आणि त्यांनी जेवताना समर्थांची ओवी ऐकवली : 'ऐसे गुरु अडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे.' अडका म्हणजे क्षुल्लक नाणं. असे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत.

ओवी दासबोधातलीच आहे, पाचव्या दशकातल्या गुरुलक्षणाच्या समासातली. पण यजमानांनी तिची अर्धी बाजूच सांगितली होती. समर्थ 'ऐसे' कुणाला म्हणतात ते आधीच्या चरणांत आहे : जे शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियदमन करायला लावत नाहीत, त्यांना. साधिकेने ग्रंथ काढून तो समास वाचला आणि मला म्हणाल्या, "आमचे गुरुजी यात बसत नाहीत. पहाटे उठायला मला त्यांनीच शिकवलं. माझा राग त्यांनी कमी केला. हे खोटं कसं म्हणू?"

तेव्हापासून मी गुरुजींबद्दल मत देणं बंद केलं. खरे गुरू की खोटे, या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं तरी त्याने त्यांची झोप परत आली नसती, असं मला वाटतं.

खाती वेगळी करणं

वळण आलं सहाव्या भेटीत, आणि तेही त्यांच्याच भाषेत. त्या सांगत होत्या की गुरुजींना सोडायचा विचार आला की सगळंच जाणार असं वाटतं. पहाटेची बैठक जाणार, मैत्रिणी जाणार, देव जाणार. मी विचारलं, हे सगळं त्यांच्याकडेच कसं? त्या गप्प झाल्या, मग हसल्या. "एकाच खात्यावर टाकलंय सगळं."

पुढच्या भेटीला त्या कागद घेऊनच आल्या. नोंदी केलेल्या. मी त्यात फारशी भर घातली नाही, फक्त विचारत गेले की ही नोंद कुणाच्या नावावर धरायची.

पहाटे उठून बसणं. शिकवलं गुरुजींनी, पण अकरा वर्षं गजर बंद करून उठल्या कोण? हे खातं त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं, जरा संकोचाने. नाम गुरुजींकडून आलं. पण ते नाम गुरुजींनी निर्माण केलेलं नव्हतं, त्यांच्या आधी शेकडो वर्षं लोक ते घेत आले होते. इथे त्या बराच वेळ अडल्या आणि शेवटी 'सामायिक' असं लिहिलं. गुरुजींबद्दलची माया वेगळी. त्यांचा आवाज, आजारपणात त्यांनी केलेली विचारपूस, आईच्या शेवटच्या दिवसांत रात्री अकरा वाजता आलेला त्यांचा फोन. हे खातं बंद करायचं कारणच नव्हतं. कुणी शिक्षक म्हणून अपुरा पडला तर माणूस म्हणून त्याच्यावर प्रेम करायला बंदी नसते.

मंडळींच्या खात्यावर त्या रडल्या. अकरा वर्षांत त्यांच्या सगळ्या मैत्रिणी केंद्रावरच्याच झाल्या होत्या. माझं निरीक्षण असं आहे की लोक गुरू सोडत नाहीत याचं सर्वांत साधं कारण गुरू नसतोच. रविवारी सकाळी जायचं कुठे, हा प्रश्न असतो. पण हे मान्य करणं साधकाला कमीपणाचं वाटतं, म्हणून त्याला श्रद्धा म्हटलं जातं.

आणि मग एक खातं राहिलं, ज्याला नाव देता येईना. कागदावर त्यांनी तिथे फक्त ती गुरुगीतेची ओळ लिहिली होती.

भीतीचं खातं

त्या केंद्रावर कुणी सोडून गेलं तर पुढे त्याचं काय झालं याच्या कथा सांगितल्या जात. कुणाचा धंदा बुडाला, कुणाला आजार झाला. जे सोडून गेले आणि मजेत राहिले त्यांच्या कथा कोण सांगणार? एका ज्येष्ठ गुरुबंधूंनी तर साधिकेला फोन करून सांगितलं होतं, की गुरूची आज्ञा मोडली तर दिलेला मंत्रही परत जातो.

अशा वेळी 'हे सगळं थोतांड आहे' म्हणणं निरुपयोगी. ज्याला परंपरेची भीती आहे त्याला परंपरेतूनच मोकळीक मिळावी लागते. मी संस्कृतची पंडित नाही, पण दोन-तीन गोष्टी मला ठाऊक होत्या आणि त्या मी त्यांच्यापुढे ठेवल्या.

पहिली कुलार्णव तंत्रातली. गुरुभक्तीच्या बाबतीत हा ग्रंथ अत्यंत कडक आहे. तरी त्याच ग्रंथात एक श्लोक आहे : 'मधुलुब्धो यथा भृङ्गः पुष्पात् पुष्पान्तरं व्रजेत् । ज्ञानलुब्धस्तथा शिष्यो गुरोर्गुर्वन्तरं व्रजेत्.' मधाचा लोभी भुंगा जसा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो, तसं ज्ञानाच्या लोभी शिष्याने एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे जावं. साधिकेने तो श्लोक तीनदा वाचला. "हा कधी आम्हाला सांगितला नाही," एवढंच म्हणाल्या.

दुसरी याज्ञवल्क्याची. ही त्यांनाही माहीत होती, पण ती त्यांनी गुरूच्या कोपाची गोष्ट म्हणून ऐकली होती. याज्ञवल्क्याचे गुरू वैशंपायन त्याच्यावर रागावले आणि म्हणाले, माझ्याकडून शिकलास ते परत टाक. याज्ञवल्क्याने शिकलेले यजुर्मंत्र ओकून टाकले, इतरांनी तित्तिर पक्षी होऊन ते टिपले, त्यावरून त्या शाखेला तैत्तिरीय हे नाव पडलं. गोष्ट इथे थांबवली तर ती दहशतीची आहे. पण पुराणात ती पुढे जाते. याज्ञवल्क्याने सूर्याची उपासना केली आणि त्याला नवे यजुर्मंत्र मिळाले, तो शुक्ल यजुर्वेद. ज्याच्याकडून सगळं परत घेतलं त्याच्याकडून एक अख्खी वेदशाखा उभी राहिली. दोन्ही शाखा आजही म्हटल्या जातात, शिष्याचीही आणि गुरूचीही.

"म्हणजे मंत्र परत गेला तरी चालतं," साधिका म्हणाल्या. मग बराच वेळ थांबून, "आणि तो नंतर सूर्याकडे गेला. दुसऱ्या माणसाकडे नाही गेला."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या वाटा

आता जो भाग मी लिहिते आहे तो वाचून त्या हसतील. भीती थोडी सैल झाल्याबरोबर साधिकेने दोन महिन्यांत तीन ठिकाणं पालथी घातली. रिकामी झालेली जागा भरून टाकायची ही घाई मी फार वेळा पाहिली आहे. एक नातं संपल्यावर लगेच लग्न ठरवण्यासारखीच ती असते. जुन्या गुरूत जे खटकलं ते ज्याच्यात नाही तो बरोबर, एवढ्याच कसोटीवर नवा गुरू निवडला जातो.

एका ठिकाणी तर दीक्षेची तारीखही ठरली. तेव्हा मी त्यांना स्वामी विवेकानंदांची एक हकिकत सांगितली. रामकृष्ण परमहंसांचं निधन १८८६ चं. त्यानंतर १८९० मध्ये विवेकानंद गाझीपूरला पवहारी बाबा या योग्यांना भेटले आणि त्यांच्याकडून दीक्षा घ्यायच्या बेतात होते. पण दीक्षेच्या आदल्या रात्री रामकृष्ण समोर उभे राहून आपल्याकडे पाहत आहेत असा अनुभव आला, पुढेही काही रात्री आला, आणि त्यांनी विचार सोडला. पवहारी बाबांबद्दलचा आदर मात्र शेवटपर्यंत राहिला, त्यांच्यावर त्यांनी स्वतंत्र लेखही लिहिला. मला सुचवायचं होतं की इतक्या मोठ्या साधकालाही ही ओढ झाली, आणि थांबण्यात कमीपणा नाही. साधिकेने ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांना दर्शन झालं म्हणून ते थांबले. मला दर्शन नको ताई, मला झोप हवीय." दीक्षा मात्र त्यांनी पुढे ढकलली.

दुसरं ठिकाण होतं एक वाचनमंडळ, जिथे गुरूच नको असं मानणारी मंडळी जमत. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींनी १९२९ मध्ये आपल्याभोवती उभी राहिलेली 'ऑर्डर ऑफ द स्टार' ही संघटना स्वतः विसर्जित केली, तिथून या मंडळींचं बोलणं सुरू व्हायचं. साधिकेला पहिल्या दोन बैठका फार आवडल्या. तिसऱ्या बैठकीत त्यांनी एक शंका काढली, तर एका सदस्याने शांतपणे सांगितलं, "तुमचं ऐकणं अजून पुरेसं शुद्ध नाही." घरी येऊन त्यांनी डायरी काढली आणि उजव्या पानावर ते वाक्य लिहिलं. 'श्रद्धा कमी पडते'च्या खालीच.

तिसरं होतं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर. इथे त्यांना खरी परीक्षा वाटली ती मौनाची नव्हे, माळेची. शिबिराच्या नियमांत स्पष्ट असतं की जपमाळा, गंडे-तावीज आणायचे नाहीत आणि दहा दिवस दुसरी कुठलीही साधना, जपसुद्धा, करायची नाही. अकरा वर्षांत माळ हातात नाही असा एक दिवस गेलेला नव्हता. निघायच्या आदल्या रात्री माळ कुठे ठेवायची यावरून त्यांनी घरात तासभर घातला. देवघरात ठेवली तर पूजेत राहते, कपाटात ठेवली तर अपमान. शेवटी लेकीने ती आपल्या कंपासपेटीत ठेवली आणि म्हणाली, "माझ्याकडे राहू दे. परत आलीस की घे."

पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की श्वासाबरोबर नाम आपोआप चाललंय. दाबायला गेल्या तर वाढलं. आचार्यांना विचारलं तर ते म्हणाले, येऊ दे, त्याच्या मागे जाऊ नका, श्वासाकडे परत या. साधं, तांत्रिक उत्तर. त्यात त्यांच्या श्रद्धेविषयी एक अक्षरही नव्हतं. "अकरा वर्षांत पहिल्यांदा मी प्रश्न विचारला आणि उत्तर प्रश्नाचंच आलं," असं त्या मला सांगत होत्या, आणि मला त्यांच्या गुरुजींबद्दल जरा वाईटही वाटलं. आईच्या आजारपणात रात्री अकराला फोन करणारा माणूस कदाचित या एका गोष्टीत कच्चा होता. साधना कशी अडते हे त्यांना स्वतःला फारसं माहीत नसावं. प्रेमळ असणं आणि वाट ठाऊक असणं, ही दोन कौशल्यं एकाच माणसात असतातच असं नाही, आणि शिष्य ती दोन्ही धरून चालतो.

शिबिराहून आल्यावर त्यांनी विपश्यना घेतली आणि जप सोडला असं झालं नाही. माळ कंपासपेटीत आणखी तीन आठवडे राहिली. मग एक दिवस घेतली, पण अकरा नव्हे, एकच माळ. त्यानंतर नुसतं बसणं.

शेवटची भेट, त्यांची आणि गुरुजींची

गुरुजींना न सांगता गळून जायचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं. मी पत्राचा पर्याय सुचवला होता, त्यांनी नाकारला. त्याच सुमारास त्यांनी बुद्धचरित्रात वाचलं होतं की गृहत्यागानंतर गौतम आधी आळार कालाम आणि मग उद्दक रामपुत्त यांच्याकडे शिकले, दोघांचीही विद्या पूर्ण आत्मसात केली, पहिल्याने बरोबरीचा आणि दुसऱ्याने तर आचार्याचा मान देऊ केला तरी ते पुढे निघाले. बोध झाल्यावर आता हे कुणाला सांगावं असा विचार आला तेव्हा पहिली आठवण झाली ती याच दोघांची. पण तोवर दोघेही वारले होते. "त्यांना सांगायचं राहून गेलं," साधिका म्हणाल्या. "माझे गुरुजी आहेत अजून."

आम्ही त्या भेटीची तयारी केली. काय बोलायचं, काय बोलायचं नाही, अंगावर आलं तर काय करायचं. भेट प्रत्यक्षात बारा मिनिटांची झाली. त्यांनी सांगितलं की बैठकीला यायचं थांबवते आहे, दुसरीकडे शिकते आहे, तुम्ही दिलेलं विसरणार नाही. रजिस्टरचा विषयही काढला. खाडा नव्हता, एवढंच सांगितलं.

गुरुजी म्हणाले, "असं होय. मला वाटलं, होता." मग थोड्या वेळाने, "श्रद्धा कमी पडली तुझी. असू दे. जाशील तिथे नीट बस."

साधिका बाहेर आल्या आणि जिन्यात बसून हसल्या आणि रडल्या. पुढच्या भेटीत मात्र त्या चिडलेल्या होत्या. "इतकं सोपं होतं? मी नऊ महिने झोपले नाही आणि ते म्हणाले असू दे. आणि त्या बाईला सहज म्हणून टाकलं की खाडा पडला. त्यांना वाटलं होतं!" राग उशिरा आला, पण आला हे मला बरं वाटलं. तोवर तो सगळा त्यांनी स्वतःवरच काढला होता. इथे मी एकच गोष्ट विचारली : त्या गुरुभगिनीला कुणी सांगितलं का, की रजिस्टरमध्ये खाडा नाही?

कुणीच सांगितलं नव्हतं. मुलगा गेलेली ती बाई इतके महिने आपल्याच सेवेत कुठे चूक झाली ते शोधत होती.

साधिका त्या आठवड्यात तिच्याकडे गेल्या. रजिस्टर आता त्यांच्याकडे नव्हतं, पण त्या रात्री त्यांनी मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवले होते. दोघींनी स्वयंपाकघरात उभं राहून ते पाहिले. ती बाई त्या दोन रजांवर बोट ठेवून विचारत राहिली, "या? या तर नसतील ना?" साधिका दर वेळी सांगत राहिल्या, कळवून घेतल्या होत्यास, मीच मंजूर लिहिलंय, बघ.

ती बाई अजूनही केंद्रावर जाते. साधिका जात नाहीत. त्यांची धाकटी बहीण, जिला त्यांनीच आठ वर्षांपूर्वी अनुग्रहाला नेलं होतं, त्यांच्याशी बोलत नाही. झोप बरीचशी परत आली आहे. गुरुगीता बंद आहे, एक माळ चालू आहे, डायरीत गेल्या चार महिन्यांत नवीन नोंद नाही. शेवटच्या ठरलेल्या भेटीत उठताना त्यांनी विचारलं, "माझ्या शब्दावर चौघींनी अनुग्रह घेतला होता. त्यांना मी काय सांगू?" वेळ संपली होती. मी पुढच्या महिन्यातली एक तारीख लिहून दिली.